रविवार कोणी मिळवून दिला?

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही चार ओळी लिहाव्या असा अध्यक्षबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतच, तेव्हा एखादी पाककृती द्यावी असे प्रथम मनात होते. पण मागच्या हंगामात धाकट्याने मला एक प्रश्न विचारला आणि तो काही केल्या मनातून जाईना. रविवारी पहाटे भाकरी बांधून मी वेचणीला निघाले तर तो म्हणाला, "आई, आज शाळेला सुट्टी, बँकेला सुट्टी, मग तू काहून जाते?"

मी म्हटले, "बाबा, रविवार हा इंग्रजांनी साहेब लोकांना दिला." लहानपणी आम्हाला असेच सांगत. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांची हकिकत वाचनात आली, तेव्हा कळले की माझे उत्तर अर्धेच खरे होते. कचेऱ्यांना रविवार होता. गिरणीतल्या मजुराला तो नव्हता, त्याला तो मागून घ्यावा लागला.

भगिनींनो, या हकिकतीचा धागा आपल्याच पऱ्हाटीतून निघालेला आहे. मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्याचा उद्योग कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये आरंभिला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेत जाईनासा झाला आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गिरण्यांवर गिरण्या उभ्या राहिल्या. त्या चालविण्यास माणसे कोठून आली? रत्नागिरी, सातारा, पुणे या भागांतून, घरदार सोडून पोटासाठी निघालेली. आपण म्हणतो ना, "अमका जगायला गेला," तशी.

गिरणीत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. म्हणून सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर मजुरीही तेरा-चौदा तासांची. त्यांत बायकाही पुष्कळ होत्या. सूत गुंडाळण्याच्या खात्यात मुख्यतः त्याच असत आणि त्यांना मजुरी अंगावरच्या कामाप्रमाणे मिळे, आपल्याला वेचलेल्या किलोवर मिळते तशीच. सरकारने १८८१ मध्ये पहिला कारखाने कायदा केला, तो लहान मुलांपुरता. मोठ्या बाईमाणसाचा त्यात विचारच नव्हता.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. काही काळ त्यांनी गिरणीत नोकरी केली, म्हणून तेथले हाल त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले नाहीत. १८८० पासून 'दीनबंधु' पत्र त्यांनी मुंबईहून चालविले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मजुरांच्या सभा भरवून एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार मजुरांची संमती होती. मागण्या पाहा: आठवड्यातून रविवारची एक पुरी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला काम बंद, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि यंत्रात सापडून हात-पाय गेला तर भरपाई. यांत चैनीची एकही गोष्ट मला तरी दिसत नाही. रविवारच का, तर तो आपल्या खंडोबाचाही वार, असे ते सांगत म्हणतात.

मालकांनी सहा वर्षे दाद दिली नाही. मग २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजार मजुरांची सभा झाली आणि तीत दोन मजूर बाया उठून बोलल्या. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून तशीच बसून राहिले. आमच्या मंडळात वीस बायांपुढे आभार मानायचे तर माझे पाय लटपटतात! शिवाय ज्या बाईची मजुरी कामावर मोजली जाते, तिची सुट्टी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. हे त्यांना ठाऊक नसेल काय? तरीही त्या बोलल्या.

१० जून १८९० रोजी मालकांनी रविवार मान्य केला. १८९१ च्या कायद्याने बायकांचे काम अकरा तासांवर आणले, मध्ये दीड तासाची विश्रांती दिली. त्याच १८९० सालात विधवांचे केशवपन करणार नाही असे न्हावी बांधवांकडून ठरवून घेण्यातही लोखंडेच पुढे होते. १८९७ च्या प्लेगात, ९ फेब्रुवारीस ते गेले. पुढल्याच महिन्यात, १० मार्चला, सावित्रीबाईही प्लेगानेच गेल्या.

आता आपल्या वावराकडे येते. शेतमजुरी १९४८ च्या किमान वेतनाच्या कायद्याच्या यादीत होती, पण धुऱ्यावर येऊन पाहतो कोण? आपला खरा रविवार म्हणजे बाजाराचा दिवस. त्या दिवशी चुकारा व्हायचा, तेल-मीठ आणायचे, डोके धुवायचे.

तीन वर्षांपूर्वी ऐन वेचणीत आभाळ भरून आले. शेतकरी म्हणाला, बाजाराच्या दिवशीही वेचा. आम्ही गावातल्या बाया नाही म्हणू शकलो. पण टिनाच्या शेडमध्ये राहणारी बाहेरगावची टोळी नाही म्हणू शकली नाही, कारण मुकादमाकडून त्यांनी आधीच उचल घेतलेली. त्यांतल्या एकीचे लेकरू तापाने फणफणलेले, धुऱ्यावर लुगड्याच्या सावलीत निजलेले, आणि ती ओळ सोडून येईना. शेवटी आमच्यातली एक जण त्याला कडेवर घेऊन दवाखान्यात गेली.

पुढल्या आठवड्यात आम्ही शेतकऱ्याला सांगितले, बाजाराचा दिवस सगळ्यांना नाही तर आम्हीही येत नाही. तो चिडला. त्याचेही खोटे नव्हते. भिजलेल्या कापसाला भाव नाही आणि डोक्यावर पीककर्ज. बऱ्याच बोलाचालीनंतर अर्धा दिवस ठरला. मला तो कमीच वाटतो, पण ठरला.

त्या दिवशी दुपारी एकला काटा झाला. टोळीतल्या बाया आमच्याबरोबर बाजारात आल्या. दोन महिन्यांत त्यांनी आमचा बाजार पाहिलाच नव्हता. मिरचीचा भाव ऐकून त्या हसल्या, त्यांच्याकडे म्हणे स्वस्त असते.