वनस्पतिजन्य गादी

वनस्पतिजन्य गादी म्हणजे कापूस, सावरीचा कापूस, काथ्या किंवा नैसर्गिक रबर यांसारख्या वनस्पतींपासून मिळणाऱ्या द्रव्यांनी भरलेली गादी होय. खनिज तेलापासून तयार होणारा पॉलियुरेथेन फोम किंवा पॉलिएस्टर तंतू भरलेल्या गाद्यांहून ती वेगळी मानली जाते. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची गादी हे तिचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित रूप होय. रबरमिश्रित काथ्याच्या आणि लॅटेक्सच्या गाद्या विसाव्या शतकात प्रचारात आल्या. प्रत्येक द्रव्याचे गुणदोष निरनिराळे असतात आणि बाजारात ‘नैसर्गिक’ हा शब्द बराच सैलपणे वापरला जातो. त्यामुळे गादी निवडताना तिच्या नावापेक्षा तिच्या आतील भरणाची माहिती असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

नाव व संबंधित संज्ञा

मराठीत ‘गादी’ या शब्दाला अंथरुणाखेरीज सिंहासन, मठाधिपतीचे पद व व्यापाऱ्याची बैठक असेही अर्थ आहेत. छत्रपतींच्या सातारा व कोल्हापूर येथील गाद्या हा प्रयोग सर्वपरिचित आहे. प्रस्तुत लेख केवळ झोपण्याच्या गादीविषयी आहे.

गादीच्या बाहेरील पिशवीसारख्या आवरणास खोळ म्हणतात. खोळीसाठी वापरले जाणारे जाड, घट्ट विणीचे व बहुधा पट्टेदार सुती कापड ‘गादीपाट’ या नावाने ओळखले जाते. लोड, तक्क्या, गिरदी व उशी या वस्तूही याच पद्धतीने भरतात. रजई व दुलई ही कापूस भरलेली पांघरुणे आहेत. गोधडी किंवा वाकळ मात्र जुन्या कापडांचे थर एकमेकांवर ठेवून शिवलेली असते.

इतिहास

भारतीय उपखंडात कापसाचा वापर अतिप्राचीन आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथील नवाश्मयुगीन वसाहतीत आणि सिंधू संस्कृतीतील मोहेंजोदडो येथे कापसाचे अवशेष सापडले आहेत. मऊ तंतू भरून बिछाना करण्याचे जुने उल्लेख पाली विनयपिटकात मिळतात. भिक्षूंनी कापूस भरलेला मंचक वापरू नये, असा नियम त्यात आहे. उशीसाठी मात्र वृक्ष, वेल व गवत यांपासून मिळणाऱ्या तीन प्रकारच्या तुलाची, म्हणजे मऊ तंतूंची, अनुज्ञा दिलेली आहे. शेतातील कापसाखेरीज झाडांचे व गवतांचे तंतूही भरणासाठी वापरले जात, हे यावरून दिसते.

सामान्य लोकांच्या घरी भाताचा पेंढा, वाळलेले गवत, चटई व घोंगडी यांवर झोपण्याची पद्धत दीर्घकाळ होती. युरोपातही पेंढा भरलेल्या गाद्या सर्रास वापरात होत्या. १९२९ मध्ये इंग्लंडमधील डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत रबराच्या चिकापासून सच्छिद्र फोम तयार करण्याची पद्धत विकसित झाली. १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला. पुढे त्याचा लवचीक फोम स्वस्तात तयार होऊ लागला आणि वनस्पतिजन्य भरणाची जागा त्याने मोठ्या प्रमाणावर घेतली.

भरणाची द्रव्ये

कापूस

कापसाचा तंतू मुख्यतः सेल्युलोजचा बनलेला असतो. तो हवेतील बाष्प शोषून घेतो. प्रमाणित हवामानात कापसातील बाष्पाचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के असते, तर पॉलिएस्टरमध्ये ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. घाम शोषला जात असल्याने उन्हाळ्यात कापसाची गादी सुखावह वाटते. पावसाळ्यात मात्र याच गुणामुळे ती दमट होते. गादीसाठी आखूड व जाडसर धाग्याचा देशी कापूस चांगला समजला जातो. तो लांब धाग्याच्या कापसाइतका लवकर चेपत नाही. कापसाच्या गादीचा मुख्य दोष म्हणजे वापराने कापूस दबून घट्ट होतो व त्याच्या गाठी बनतात. परंतु तो पुन्हा पिंजून वापरता येतो, हे तिचे वैशिष्ट्य इतर बहुतेक गाद्यांत आढळत नाही.

सावरीचा कापूस

काटेसावर (संस्कृत : शाल्मली) व पांढरी सावर या वृक्षांच्या बोंडांतून रेशमासारखे मऊ तंतू मिळतात. पांढऱ्या सावरीच्या तंतूस व्यापारात ‘कापोक’ म्हणतात. हे तंतू आतून पोकळ असून त्यांवर मेणासारखा थर असतो. त्यामुळे ते अत्यंत हलके असतात व सहसा भिजत नाहीत. याच गुणामुळे पूर्वी जीवरक्षक जाकिटांत कापोक भरला जात असे. तंतू गुळगुळीत व ठिसूळ असल्याने त्यांचे सूत काढणे अवघड असते. म्हणून त्यांचा उपयोग प्रामुख्याने उशा व मऊ गाद्या भरण्यासाठी होतो. शरीराला भक्कम आधार देण्याच्या दृष्टीने ही गादी उणी पडते. शिवाय हा तंतू चटकन पेट घेतो.

काथ्या

नारळाच्या सोडणापासून मिळणारा काथ्या हा लिग्निनचे प्रमाण अधिक असलेला राठ व टिकाऊ तंतू आहे. कोवळ्या नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात कित्येक महिने कुजवून पांढरा काथ्या काढतात. पिकलेल्या नारळापासून तपकिरी काथ्या मिळतो व गादीसाठी मुख्यतः तोच वापरला जातो. पीळ देऊन कुरळे केलेले तंतू पसरून त्यांवर रबराचा चीक फवारतात. नंतर दाब व उष्णता देऊन त्यांचे पत्रे बनवितात. यास रबरमिश्रित काथ्या म्हणतात. या गादीतून हवा चांगली खेळते व ती कडक असते. वर्षानुवर्षांच्या वापराने मात्र झोपण्याच्या जागी ती बसते व एकदा बसल्यावर पूर्ववत होत नाही. भारतात काथ्या उद्योग अधिनियम १९५३ अन्वये काथ्या मंडळ स्थापन झाले असून त्याचे मुख्यालय कोची येथे आहे. केरळ व तमिळनाडूप्रमाणेच कोकणातही काथ्या काढण्याचे व्यवसाय चालतात.

नैसर्गिक लॅटेक्स

रबराच्या झाडाच्या सालीस चिरा पाडून मिळणाऱ्या दुधाळ चिकास लॅटेक्स म्हणतात. भारतात याचे सर्वाधिक उत्पादन केरळमध्ये होते. चीक घुसळून त्याचा फेस करतात, तो साच्यात ओततात व उष्णतेने घट्ट करतात. या प्रक्रियेत गंधक व झिंक ऑक्साइड यांसारखी द्रव्ये मिसळावी लागतात. त्यामुळे पूर्णतः नैसर्गिक चिकापासून केलेल्या गादीतही अल्प प्रमाणात इतर पदार्थ असतातच. ही गादी स्थितिस्थापक व दीर्घकाळ टिकणारी असते, परंतु ती जड व महाग असते. रबरातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये.

कापसाची गादी भरण्याची पद्धत

सरकी काढलेला कापूस प्रथम पिंजून मोकळा करतात. हे काम परंपरेने पिंजारी करीत. धनुकलीच्या ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळ्याने आघात केला म्हणजे तिच्या कंपनाने कापसाच्या गाठी सुटतात व धूळ खाली पडते. आता बहुतेक ठिकाणी हे काम विजेवर चालणाऱ्या यंत्राने होते. पिंजलेला कापूस खोळीत सर्वत्र सारखा पसरून काठीने बडवितात व खोळीचे तोंड शिवतात. त्यानंतर दाभणाने ठरावीक अंतरावर आरपार टाके घालतात. टाके नसतील तर कापूस सरकून गादीत खळगे पडतात.

वापराने दबलेली गादी काही वर्षांनी उसवून, कापूस पुन्हा पिंजून व आवश्यकतेप्रमाणे नव्या कापसाची भर घालून पुन्हा भरतात. खोळ बदलली तरी कापूस तोच राहतो. अशा रीतीने एकच कापूस अनेक वर्षे वापरात राहतो.

निवडीचे निकष

हवामान : कोकण व गोव्यासारख्या दमट प्रदेशांत कापसाच्या गादीस बुरशी येण्याचा संभव असतो. तेथे हवा खेळणारी काथ्याची गादी किंवा फळ्यांमध्ये फटी असलेला पलंग सोयीचा ठरतो. विदर्भ व मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कापसाची गादी अनुकूल असते.

कडकपणा : पाठदुखीवर शक्य तितका कडक बिछाना उत्तम, असा समज रूढ आहे. २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील ३१३ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घकालीन कंबरदुखीच्या रुग्णांना कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीने अधिक आराम पडल्याचे आढळले. कुशीवर झोपले असता खांदा व कंबर किंचित रुततील, पण पाठीचा कणा वाकणार नाही, इतपत मऊपणा सामान्यतः योग्य असतो.

वय व प्रकृती : तान्ह्या बाळासाठी गादी सपाट व घट्ट असावी. नव्याने भरलेली फुगीर गादी, मऊ उशी व सैल पांघरुणे यांत बाळाचे नाक दबून श्वास कोंडण्याचा धोका असतो. वृद्धांना खाली अंथरलेल्या गादीवरून उठणे कठीण जाते. म्हणून त्यांच्यासाठी पलंगासह गादीची एकूण उंची विचारात घ्यावी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना शय्याव्रण टाळण्यासाठी वेगळ्या प्रकारच्या गादीची गरज असते. ती गरज साधी कापसाची गादी भागवीत नाही.

जागा व उचलण्याची सोय : लहान घरात सकाळी गादी गुंडाळून ठेवणे आवश्यक असते. कापसाची पातळ गादी गुंडाळता येते. काथ्याची गादी वारंवार दुमडल्यास तिचे तंतू तुटतात. लॅटेक्सची गादी जड असल्याने एकट्याने उचलणे अवघड असते.

दुरुस्ती : गादीच्या किमतीबरोबरच ती बिघडल्यावर काय करता येईल याचाही विचार करावा. परिसरात पिंजारी किंवा पिंजणयंत्र उपलब्ध असेल, तर कापसाच्या गादीचा दीर्घकालीन खर्च कमी पडतो. ती सोय नसल्यास तिचा हा सर्वांत मोठा गुण निरुपयोगी ठरतो.

दिशाभूल करणाऱ्या संज्ञा

‘काथ्याची गादी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गाद्यांत काथ्याचा थर पातळ असून उरलेला भाग पॉलियुरेथेन फोमचा असतो. लॅटेक्समध्येही नैसर्गिक चिकाबरोबर कृत्रिम रबर मिसळलेले असू शकते. ‘बांबूची गादी’ या नावाखाली बहुधा केवळ वरचे कापड बांबूपासून काढलेल्या व्हिस्कोज रेयॉनचे असते. हे कापड रासायनिक प्रक्रियेने तयार होते. अशा रेयॉनला ‘बांबू’ म्हणून विकणाऱ्या काही कंपन्यांवर अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००९ मध्ये कारवाई केली होती. ‘वनस्पतीआधारित फोम’ म्हणजे ज्यातील काही भाग सोयाबीन किंवा एरंडाच्या तेलापासून केला आहे असा पॉलियुरेथेन फोम होय. त्याचा उरलेला भाग खनिज तेलापासूनच येतो.

स्थानिक पातळीवर भरलेल्या गादीत नव्या कापसाऐवजी जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून केलेला कापूस भरला जाण्याची शक्यता असते. अशा कापसाचे तंतू तुटके असतात, त्यात रंगीत कण दिसतात व पॉलिएस्टर मिसळलेले असते. पुनर्वापर म्हणून त्यात गैर काही नाही, परंतु तो नवा म्हणून विकणे ही फसवणूक होय. चिमूटभर तंतू धातूच्या ताटलीत, मोकळ्या जागेत जाळून पाहिल्यास फरक कळतो. कापूस कागदासारखा वास देत जळतो व त्याची मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. गादी भरण्यापूर्वी कापसाचे वजन आपल्यासमोर करून घ्यावे व भरताना शक्य असल्यास उपस्थित राहावे.

प्रमाणपत्रे

‘ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड’ या मानकानुसार ‘सेंद्रिय’ अशी पट्टी लावण्यासाठी किमान ९५ टक्के तंतू प्रमाणित सेंद्रिय असावे लागतात. ‘सेंद्रिय तंतू वापरून बनविलेले’ अशा पट्टीसाठी हे प्रमाण किमान ७० टक्के असते. लॅटेक्ससाठी ‘ग्लोबल ऑरगॅनिक लॅटेक्स स्टँडर्ड’ हे स्वतंत्र मानक आहे. ‘ओईको-टेक्स स्टँडर्ड १००’ हे प्रमाणपत्र वस्तूमधील घातक द्रव्यांच्या चाचणीपुरते असते. त्यावरून ती वस्तू सेंद्रिय किंवा वनस्पतिजन्य आहे असे सिद्ध होत नाही. प्रमाणपत्र संपूर्ण गादीचे आहे की केवळ खोळीच्या कापडाचे, हेही पाहणे आवश्यक असते.

निगा व सुरक्षितता

कापसाची गादी अधूनमधून कडक उन्हात वाळवून काठीने झाडावी व वरचेवर उलटवावी. लॅटेक्सची गादी मात्र थेट उन्हात ठेवू नये, कारण सूर्यप्रकाशाने व उष्णतेने रबर ठिसूळ होते. गादी थेट फरशीवर कायम अंथरून ठेवल्यास तिच्या खालच्या बाजूस ओल धरते. धुळीतील सूक्ष्म किडी त्वचेच्या कोंड्यावर व दमटपणावर जगतात. म्हणून कोणतीही वनस्पतिजन्य गादी त्यांपासून आपोआप मुक्त नसते. चादरी व अभ्रे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुतल्यास या किडी मरतात.

कापूस आतल्या आत धुमसत राहतो. विडी-सिगारेटची ठिणगी पडल्यावर ज्वाळा दिसल्या नाहीत तरी काही तासांनी आग भडकू शकते. त्यामुळे बिछान्यावर धूम्रपान टाळावे. देवघरातील दिवा, उदबत्ती व डास पळविणारी अगरबत्ती गादीपासून दूर ठेवावी.

पिंजाऱ्यांचा व्यवसाय

पिंजारी हा महाराष्ट्रातील परंपरागत व्यावसायिक समाज असून त्यांना नदाफ किंवा मन्सूरी असेही म्हणतात. धनुकली खांद्यावर घेऊन गल्लोगल्ली फिरणारा पिंजारी हे एकेकाळी गावोगावचे नेहमीचे दृश्य होते. कापसाच्या धुळीत दीर्घकाळ काम केल्याने बायसिनोसिस हा फुप्फुसांचा विकार होऊ शकतो. म्हणून पिंजताना नाकातोंडावर योग्य आवरण असणे आवश्यक असते. तयार फोमच्या गाद्यांच्या प्रसारामुळे या व्यवसायास उतरती कळा लागली आहे. पिंजारी नाहीसा झाला की दबलेली कापसाची गादी पुन्हा भरून घेण्याची सोय उरत नाही आणि कापूस चांगला असूनही ती टाकून द्यावी लागते. त्यामुळे कापसाच्या गादीचे भवितव्य कापसाच्या उपलब्धतेपेक्षा या कारागिरीवर अधिक अवलंबून आहे.