डोळ्यांवर टाकलेला अवाजवी भार

शिकाऊ विमानांची हवेत टक्कर झाली की निवाडा तयारच असतो: ‘बाहेर बघत नव्हते.’ त्यामागचं तत्त्व जुनं आहे, ‘बघा आणि टाळा’. हवा स्वच्छ असेल तर प्रत्येक वैमानिकाने नजर फिरती ठेवावी आणि दुसऱ्यापासून दूर राहावं. हा पूर्वपक्ष हलका नाही. बहुतेक टकरी खरोखरच भरदिवसा, स्वच्छ हवेत आणि धावपट्टीच्या आसपास होतात. समोरच्या पडद्यात डोकं खुपसून बसणारे विद्यार्थीही कमी नाहीत. पण टकरी तिथे होतात त्या विमानं तिथेच गोळा होतात म्हणून. ‘बघितलं असतं तर टळलं असतं’ हे त्यावरून सिद्ध होत नाही.

आधी हिशेब पाहू. अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामक संस्थेने दिलेल्या कोष्टकानुसार समोरची वस्तू दिसणं, ते विमान आहे आणि आपल्यावरच येतंय हे उमगणं, निर्णय घेणं आणि विमान प्रत्यक्ष वळणं याला साडेबारा सेकंद लागतात. प्रत्येकी ९० नॉट वेगाची दोन विमानं समोरासमोर आली, तर तेवढ्या वेळात त्यांच्यातलं सुमारे १,१६० मीटर अंतर संपतं. त्या अंतरावरून सेस्ना १७२चे ११ मीटरचे पंख पौर्णिमेच्या चंद्राएवढे रुंद दिसतील, पण जाडीला नुसती रेघ. शिवाय टकरीच्या मार्गावरचं विमान काचेवर सरकत नाही. ते एकाच जागी राहतं आणि शेवटच्या क्षणी एकदम मोठं होतं. डोळा हालचाल टिपतो, आणि इथे तीच नसते.

हा झाला बरा प्रसंग. सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरावीक फेरीत, समोरासमोरची टक्कर विरळाच. एक विमान दुसऱ्याला गाठतं ते बहुधा मागून किंवा वरून. खाली पंख असलेलं पायपर उतरत असेल आणि त्याच्या खाली, डोक्यावर पंख असलेलं सेस्ना असेल, तर दोघांच्याही नजरेआड नेमकं दुसरं विमान असतं. तिथे कितीही दक्ष विद्यार्थी बसवा.

आणि दिसलं तरी? २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन डिएगोत पीएसए या विमान कंपनीचं बोइंग ७२७ उतरत होतं. त्याच भागात एका सेस्नात उपकरणांवरून उतरण्याचा सराव चालू होता. हवा निरभ्र होती. बोइंगच्या अनुभवी वैमानिकांनी ‘दिसतंय’ असं सांगितलं, अंतर राखण्याची जबाबदारी घेतली. मग ते विमान त्यांच्या नजरेतून निसटलं. १४४ माणसं गेली. नजर चुकल्याचं नियंत्रकांना स्पष्ट न कळवणाऱ्या वैमानिकांवर चौकशी मंडळाने मुख्य ठपका ठेवला. मंडळाचे एक सदस्य फ्रान्सिस मॅकअ‍ॅडम्स यांनी मात्र भिन्नमत नोंदवलं. रडारवरून दोघांना वेगळं ठेवता येत असताना सगळं डोळ्यांवर सोपवणारी व्यवस्थाही तितकीच दोषी, असा त्यांचा रोख होता. माझ्या मते बरोबर तेच होते.

कॅलिफोर्नियातल्याच वॉटसनव्हिलला २०२२ मध्ये याच्याही पुढचं घडलं. तिथे नियंत्रण टॉवर नाही. सर्किटमध्ये सराव करणारं सेस्ना १५२ आणि थेट फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, फार वेगाने येणारं दोन इंजिनांचं सेस्ना ३४० या दोघांनीही आपापली जागा रेडिओवर सांगितली होती. छोट्या विमानाच्या वैमानिकाला मागचं विमान दिसलं, ‘गो अराउंड करतो’, म्हणजे न उतरता पुन्हा वर जातो, असंही तो म्हणाला. तरी टक्कर झाली आणि तिघे गेले. म्हणजे बघूनही टळलं नाही.

‘मग यंत्रं बसवा’, असं कोणी म्हणेल. जरूर बसवावीत, पण भिस्त त्यांच्यावरही नको. सॅन डिएगोत रडारकक्षातला धोक्याचा इशारा टकरीच्या १९ सेकंद आधी वाजला होता. असे इशारे रोजचेच, शिवाय बोइंगने ‘दिसतंय’ म्हटलेलं, म्हणून वेळेत कोणी हललं नाही. मोठ्या विमानांतली टीकॅस ही टक्कर टाळणारी यंत्रणा जमिनीपासून सुमारे १,००० फुटांखाली ‘चढा’, ‘उतरा’ असे आदेश देणं थांबवते, आणि सर्किटची नेहमीची उंची साधारण तेवढीच असते.

तेव्हा माझं म्हणणं असं: डोळा निरुपयोगी नाही, पण कुठे बघायचं हे त्याला आधी कळावं लागतं. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेच्या चाचण्यांत सूचना मिळाल्यावरचा एक सेकंदाचा शोध सूचनेविना आठ सेकंदांच्या शोधाइतका ठरला. सर्किटची शिस्त ही अशीच कायमची सूचना असते. सगळे एका उंचीवर, एका बाजूने. डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर टप्प्यावर, कोणी वरून उतरत शिरायचं नाही. थेट फायनलवर येणाऱ्याने आधी सर्किटमधल्यांचा क्रम विचारायचा, आपला लावून घ्यायचा आणि वेग त्याला जुळवायचा. सोलो, म्हणजे एकट्याने उडणारा, विद्यार्थी हवेत असताना सर्किटमध्ये जास्तीत जास्त किती विमानं, याचा आकडा लिहून ठरलेला हवा, आणि तो ओलांडला तर उत्तर विद्यार्थ्याने नव्हे, मुख्य इन्स्ट्रक्टरने द्यावं.

बारामती असो की गोंदिया, जिथे मुलं उडायला शिकतात तिथे या शिस्तीचा खर्च येतो: रांग लागते, उड्डाणाचे तास लांबतात, फी भरलेले पालक कुरकुरतात. ‘नीट बघ’ एवढं सांगण्याला मात्र संस्थेचा एक रुपयाही लागत नाही. ते तत्त्व इतकं टिकून राहण्याचं मोठं कारण त्याच्या या स्वस्ताईत आहे.