वही तीच, वाचणारा बदलला

असामान्य यश दिसलं की आपण म्हणतो, ‘उपजतच हुशार!’ दुसरा म्हणतो, ‘कष्ट केले हो.’ तिसरा नशिबावर टाकून मोकळा होतो. तत्त्वज्ञानात आम्ही आवश्यक अट आणि पुरेशी अट असा भेद करतो. हुशारी आणि कष्ट आवश्यक आहेत, मान्य. पण पुरेसे आहेत का? रामानुजनांचं उदाहरण घेऊन तपासू.

जन्म १८८७ चा, वाढले कुंभकोणमला. गणितात इतके बुडालेले की इतर विषयांकडे लक्षच नाही. कॉलेजची शिष्यवृत्ती गेली, पुढे एफ.ए.लाही ते नापासच झाले. म्हणजे बुद्धी होती, वह्या सूत्रांनी भरत होत्या, आणि माणूस मात्र बेकार!

१९१० मध्ये ते डेप्युटी कलेक्टर रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. मागितली काय, तर कारकुनी. हे अय्यर म्हणजे भारतीय गणित परिषदेचे संस्थापक. या परिषदेचं ग्रंथालय आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होतं. त्यांनी वही पाहिली आणि कारकुनीऐवजी शिफारसपत्रं दिली. मग नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी दरमहा खर्चाला पैसे दिले. १९११ मध्ये परिषदेच्या नियतकालिकात पहिला निबंध छापून आला. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये तीस रुपयांची नोकरी लागली. तिथले वरिष्ठ नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार.

जानेवारी १९१३ मध्ये हार्डींना पत्र गेलं. त्याआधी केंब्रिजच्याच दोन गणितज्ञांकडे रामानुजनांचं काम गेलं होतं; त्यांनी काही मदत केली नाही. हार्डींनी मात्र लिटलवुडना बरोबर घेऊन ती सूत्रं तपासली. १९१८ मध्ये रामानुजन रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

तेव्हा तिसरी अट अशी: पारख असलेला आणि काही करण्याचा अधिकार असलेला माणूस वेळेवर भेटणं. कुणी म्हणेल, दारोदार गेले ते रामानुजनच ना? खरंय. पण ते ब्राह्मण होते, त्यांना इंग्रजी येत होतं, म्हणून ती दारं निदान उघडली तरी. त्या काळात कितीजणांना अशा घराची पायरीही चढता आली नसती!

यशस्वी माणसांचीच चरित्रं वाचून यशाचे नियम काढले, की हे लोक हिशेबातून सुटतात. त्यांच्या वह्या कुणी उघडल्याच नाहीत. म्हणून आपण फक्त ‘रामानुजन कसे घडले’ एवढंच विचारून थांबू नये. आज आपल्यासमोर जी वही येते, ती आपण उघडतो का, हेही विचारावं.