आंबट द्राक्षं आणि चौथी पिढी

चपला काठावरच ठेवा. पुढच्या पावलाला तुम्ही घोट्यापर्यंत गाळात रुतणार आहात, आणि हा गाळ एकदा वाळला की कोयत्याच्या टोकानं खरवडावा लागतो. आता वाका, पाटी उचला. डोक्यावर घेताच ओल्या गाळाचं पाणी मानेवरून पाठीत ओघळतं. आधी गार वाटतं, मग खाज सुटते. खाजवता येत नाही, कारण दोन्ही हात पाटीला. कानाशी डास. पुढचा माणूस थांबला की थांबायचं, चालला की चालायचं. ऊन अजून खजुरीच्या झावळ्यांवर चढलेलं नाही, तरी श्वास घेताना नाकपुड्या पोळतायत.

तुम्ही बाबेलच्या मुलखात आहात. हा खबार कालवा, निप्पूर शहराजवळून जाणारा. पलीकडे मातीच्या भिंती आणि बोरूची छपरं दिसतात ती तुमची वस्ती, तेल-अबीब. आजच्या इस्राएलातल्या शहराला हेच नाव दिलेलं असलं तरी इथं समुद्र नाही. आहे ती सपाट जमीन, कालवे आणि खजूर. साल साधारण इ.स.पू. 592. पाच-सहा वर्षांपूर्वी नबुखद्नेस्सराच्या सैन्यानं यरुशलेमचा तरुण राजा यहोयाखीन याला धरून आणलं, आणि त्याच्याबरोबर लोहार, कारागीर, सरदार, याजक असे हजारो लोक. त्यांतले तुम्ही एक. राजकारण इतकं पुरे, कारण गाळ उपसायचा राहिलाय.

दुपारी सगळे झावळ्यांच्या सावलीत टेकतात. जवाची भाकर, कांदा, मूठभर खजूर. घामाचा आणि कुजक्या शेवाळाचा वास जेवणातही उतरतो. कुणीतरी फोड आलेला तळवा वर करून दाखवतो. शेजारचा म्हणतो, ‘‘द्राक्षं.’’ तेवढं पुरतं. अख्खी म्हण उच्चारायची गरज कुणाला पडत नाही. आंबट द्राक्षं वाडवडिलांनी खाल्ली आणि दात आंबले पोरांचे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. रांगेतल्या माना डोलतात. तुमचीही डोलते, आणि जिभेचं टोक आपोआप दातांवर फिरतं.

या म्हणीत मोठा विसावा आहे, तो अंगात मुरू द्या. वाडवडिलांच्या काळी यरुशलेमात मनश्शे राजानं 55 वर्षं राज्य केलं. त्यानं मंदिरात परक्या मूर्ती बसवल्या, पोटचा मुलगा अग्नीत अर्पण केला, यरुशलेम निरपराध रक्तानं भरलं. तो म्हातारा होऊन मेला आणि आपल्याच वाड्याच्या बागेत पुरला गेला. पाटी मात्र तुमच्या डोक्यावर. असं म्हटलं की पाठीची कळ थोडी सोसते, कारण तुमचं काही चुकलेलंच नसतं.

हे लोक अशी समजूत का धरून बसलेत, हे कळायला त्यांच्या मागे सोडलेल्या घरात एकदा डोकवायला हवं. उंबऱ्याशी वाकून आत या. खांबांमागे बकऱ्या बांधलेल्या, त्यांच्या मुताचा उग्र वास; अंगणात तंदूर, त्याचा धूर डोळ्यांत; कोपऱ्यात तेलाचे रांजण. माळ्यावर आजोबा खोकतायत, खाली सून पाळण्यातल्या मुलाला थोपटतेय. आयुष्य लाभलं तर पणजोबा आणि पणतू एकाच छपराखाली झोपतात. दहा आज्ञांमध्ये परमेश्वर वाडवडिलांच्या अपराधाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत विचारतो असं आहे ना? इथं उभं राहिलं की तो आकडा समोर दिसतो: या घरातली सगळी माणसं. घरधन्यानं शेताचा बांध सरकवला, खोटी शपथ घेतली, तर फटका सगळ्यांना बसणार. मेल्यावरही सुटका नाही. डोंगरात खोदलेल्या घराण्याच्या थडग्यात आधी ओट्यावर निजायचं, आणि मांस झडलं की हाडं आजा-पणजाच्या हाडांच्या ढिगात जायची. तिथं कुणाचं हाड पापी, कुणाचं पुण्यवान, हे कोण निवडणार?

त्याच आज्ञेत पुढं एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती फार घाईनं वाचली जाते. प्रेम करणाऱ्यांवर दया मात्र हजारो पिढ्यांपर्यंत. शिक्षा तीन-चार, दया हजारो. हिशेब इतका दयेकडे झुकलेला आहे. 1979 साली यरुशलेमच्या केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यांत चांदीच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या सापडल्या. काळ याच हद्दपारीच्या आसपासचा. त्यांवर याजकांचा आशीर्वाद कोरलेला आहे, आणि करार व प्रेम राखणाऱ्या देवाचा उल्लेखही. उलगडल्या तेव्हा त्या बोटभर भरल्या. कुणीतरी त्या गळ्यात घालून उन्हातान्हात हिंडलं असेल. शाप कुणी गळ्यात बांधत नाही.

परत वस्तीत या. संध्याकाळी दळणाची घरघर चाललीय. आजीबाई पाट्यावर जव रगडतायत. मनगटापर्यंत पीठ, कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्याशी. ‘‘बस लेकरा,’’ म्हणतात, आणि रगडता रगडता रिस्पाची गोष्ट काढतात. पूर्वजांनी दिलेला शब्द मोडून शौल राजानं गिबोनकरांना मारलं. शौल गेला, वर्षं गेली, मग दुष्काळ पडला, ओळीनं तीन वर्षं. गिबोनकरांनी भरपाई मागितली आणि दावीद राजानं शौलाच्या घरातले सात जण त्यांच्या हवाली केले. दोघे शौलाची उपपत्नी रिस्पा हिचे मुलगे, पाच जण शौलाचे नातू. सातांनाही डोंगरावर मारून टाकलं. जवाच्या कापणीचे पहिले दिवस होते. रिस्पानं खडकावर गोणपाट अंथरलं आणि पाऊस पडेपर्यंत ती तिथं बसून राहिली. दिवसा पाखरं हाकलायची, रात्री रानातली जनावरं. महिनोन्‌महिने. कुजणाऱ्या देहांचा वास, उन्हात तापलेला खडक, अंधारात तरसांचे डोळे, आणि एक बाई काठी घेऊन. अखेर दावीदाच्या कानावर गेलं, तेव्हा त्यानं हाडं गोळा करून मूठमाती दिली.

आजीबाईंचा हात थांबत नाही. त्यांना यातून काही सिद्ध करायचं नाही. आजोबाचं पाप नातवाच्या गळ्याशी येतं हे त्यांच्या लेखी ऊन-पावसाइतकं उघड आहे. मला मात्र प्रत्येक वेळी ही गोष्ट शौलापाशी सुटते आणि त्या गोणपाटावर येऊन बसते. कायदा तेव्हाही होता: मुलाच्या अपराधासाठी बापाला आणि बापाच्या अपराधासाठी मुलाला मारायचं नाही. अमस्या राजानं पुढं तो पाळलाही. बापाच्या खुन्यांना मारलं, त्यांच्या मुलांना सोडलं. माणसाच्या न्यायालयाला घालून दिलेली ही मर्यादा डोंगरावरच्या त्या सातांपर्यंत पोचली नाही.

अंधार पडतोय. चला, बूजीच्या मुलाकडे, यहेज्केल संदेष्ट्याकडे. हा याजकाच्या घरचा. पण ज्या मंदिरात सेवा करायची ते दूर राहिलं. वस्तीत त्याच्याबद्दल भिंतीआडून, दारादारांतून कुजबुज चालते; लोक त्याला ऐकायला येतात ते गोड गळ्याच्या गवयाला ऐकायला यावं तसे, आणि ऐकून घरी जातात. त्याला झालेली आज्ञा तुम्ही ऐकली असेल: 390 दिवस डाव्या कुशीवर, इस्राएलाच्या अपराधाचा भार वाहत, आणि मग 40 दिवस उजव्या कुशीवर, यहूदाचा. खायला रोज 20 शेकेल भाकर, म्हणजे पाव किलोहून कमी. गहू, जव, पावटे, मसूर एकत्र करून, शेणीवर भाजलेली. वाडवडिलांच्या पापाला वजन असेल तर ते एका माणसाच्या कुशीवर, बरगड्यांवर, एका जागी दुखणाऱ्या खुब्यावर कसं पडेल, ते त्यानं अंगावर घ्यायचं होतं.

आत जागा नाही. वडील मंडळी जमिनीवर दाटीनं बसलीत. तिळाच्या तेलाची दिवटी, लोकरीच्या घामट अंगरख्यांचा वास, कुणाचा तरी गुडघा तुमच्या बरगडीत. दारातून शेणीचा धूर आत येतो. कुणीतरी उसासा टाकून तीच म्हण म्हणतं. आणि यहेज्केल म्हणतो की ही म्हण इस्राएलात पुन्हा तोंडातून काढायची नाही.

खोली गप्प होते. तो एक कुटुंब समोर मांडतो. एक माणूस आहे, सरळ चालीचा. डोंगरावरच्या देवळांत जेवत नाही, शेजाऱ्याच्या बायकोकडे वाकडी नजर टाकत नाही, कर्जदाराची गहाण वस्तू परत करतो, भुकेल्याला भाकर देतो, उघड्याला वस्त्र देतो, व्याज खात नाही. तो जगेल. त्याचा मुलगा रक्तपिपासू निघतो, याच्या उलट सगळं करतो. तो बापाच्या पुण्यावर जगणार नाही. आणि त्याचाही मुलगा, हे सगळं डोळ्यांनी बघून, त्या वाटेनं जात नाही. तो बापाच्या पापासाठी मरणार नाही.

या यादीत राजवाड्यातलं काही नाही, हे ध्यानात घ्या. गहाण अंगरखा, भाकर, व्याज. याच पिढ्यांच्या काळातलं एक खापर 1960 साली समुद्रकाठच्या एका छोट्या गढीत मिळालं. त्यावर एका कापणी करणाऱ्या मजुराची तक्रार आहे की माझा अंगरखा काढून घेतला, तो परत द्यावा. यहेज्केल बोलत होता ते पाप हे. ते करायला मनश्शे लागत नाही. इथं तेल-अबीबातही ते करता येतं, उद्या सकाळीसुद्धा.

आता सुटकेचा नि:श्वास पडेल असं वाटतं ना? पडत नाही. उलट कुरकुर सुरू होते. मुलानं बापाचा अपराध का वाहू नये, असं तेच विचारतात! परमेश्वराचा न्याय सरळ नाही, असं म्हणतात. तुमच्याही पोटात काहीतरी खाली जातं. मनश्शे गेला, म्हणजे उसासाही गेला. पाटी का डोक्यावर आहे याचं उत्तर आता स्वत:कडे शोधायचं.

पण खरी कळ वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसते. बापाचं पाप मुलाला लागत नाही, तर बापाचं पुण्यही मुलाला लागत नाही. यहेज्केलानं तेही सांगून टाकलंय: देशावर संकट आलं आणि नोहा, दानीएल, ईयोब तिघेही तिथं असले, तरी ते फक्त स्वत:चे जीव वाचवतील, मुलगेही नाहीत, मुलीही नाहीत. या खोलीतल्या कितीतरी जणांची मुलं यरुशलेमातच राहिलीत. शहर अजून उभं आहे. रोज पहाटे हे आईबाप पश्चिमेकडे तोंड करून आपल्या बऱ्या कर्मांची जमा त्या मुलांच्या नावे धाडत असतील. आता कुणीतरी सांगतंय की ती पोचत नाही. इथं बसून मला यहेज्केल कठोर वाटतो, आणि खराही वाटतो, आणि या दोन्हींतलं एकही मला सोडवत नाही. बायबलनंही त्यांतलं एक टाकून दिलं नाही: दावीदाखातर देवानं यरुशलेम राखल्याची कथा तिथंच आहे, हजारो पिढ्यांची दया तिथंच आहे, आणि यहेज्केलाचं हे बोलणंही तिथंच आहे. देवाविरुद्ध बंड करून कोरह गेला, पण त्याचे मुलगे मेले नाहीत, अशी एक छोटी नोंद आहे. त्याच वंशाच्या नावावर पुढं स्तोत्रं आहेत.

उठा, बरीच वर्षं ओलांडायचीत. शहर पडलं, मंदिर जळलं, म्हातारे या मातीत गेले. ही याच मुलखातली आणखी एक वस्ती. बाबेलकर तिला यहूदाचं गावच म्हणतात. तिथल्या आणि आसपासच्या व्यवहारांच्या मातीच्या पाट्या सापडल्यात. त्यांतल्या शंभरावर 2014 साली प्रसिद्ध झाल्या. एक घराणं त्यांत सलग दिसतं: समक-यामा, त्याचा मुलगा रफा-यामा, त्याचा अहिकाम, आणि अहिकामचे पाच मुलगे. मोजा. चौथी पिढी.

अहिकाम गेलाय आणि भाऊ वाटणीला बसलेत. अंगणात तोबा गर्दी. खजुराच्या दारूचा आंबूस वास, माश्या, दोन भाऊ एकाच वेळी बोलतायत, गुलामांपैकी कोण कुणाकडे जाणार यावरून आवाज चढलाय. वाडवडिलांकडून त्यांच्यापर्यंत आलंय ते हे: जव, खजूर, माणसं, येणं आणि देणं. देणं असेल तर ते मुलांनीच फेडायचं, त्यात यहेज्केलाचं काही चालत नाही. लेखनिकानं तळहाताएवढा मातीचा गोळा थापून चपटा केलाय, बोरूचं टोक त्यात टचाटच रुततंय. तो मान वर करतो आणि साक्षीदार म्हणून नेमका तुमच्याकडे बघतो. नाव सांगा, आणि बापाचंही. त्याशिवाय साक्ष लिहीत नाहीत. लवकर, माती वाळत चाललीय, आणि मागून लोक ढकलतायत.