खेळ कोणाचा? हुतूतूपासून कबड्डीपर्यंत



मोबाइलवरील खेळाची नवी आवृत्ती निघाली, की जुन्या खेळाच्या चाहत्यांत दोन तट पडतात आणि भांडण जुंपते. हे दृश्य आता शहराइतकेच आपल्या विंझरलाही परके राहिलेले नाही. 2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. 2 जुलै 2021 रोजी त्याच खेळाचा भारतीय अवतार निराळ्या नावाने आला. त्यात रक्ताचा तांबडा रंग हिरवा झाला आणि अठरा वर्षांखालील मुलांना रोजच्या खेळाची मर्यादा घालण्यात आली. मग वाद निघाला : हा आपलाच खेळ, की त्याच्या जागी आणून बसविलेला दुसरा?

वडीलधाऱ्यांना हा वाद पोरकट वाटतो. मला तसे वाटत नाही. कारण याच जातीचा वाद महाराष्ट्राने स्वतःच्या मातीत घातलेला आहे. त्या खेळाचे नाव हुतूतू.

हुतूतू हा एक खेळ नव्हता. त्याचे तीन प्रकार होते. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला, की आपला बाद झालेला एक गडी जिवंत होऊन परत येई. ‘गामिनी’त ही सवलत नव्हती. बाद झालेला गडी सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत बाहेरच बसे. ‘अमर’मध्ये कोणी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजले जात. दम कसा धरायचा, रेषा कोणती मानायची, हे तर गावोगाव निराळे. दोन गावांचे गडी समोरासमोर आले, की आधी तोंडाचा सामना आणि मग हुतूतूचा, असे चाले.

हे घोटाळे मिटविण्यासाठी नियम छापले गेले. 1923 साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम प्रसिद्ध करून स्पर्धा भरविल्या. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ परदेशी प्रेक्षकांना करून दाखविला. 1950 साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि 1952 पासून पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. या वाटचालीत संजीवनीचा प्रकार राजमान्य झाला आणि हुतूतू हे नाव मागे पडून कबड्डी हे नाव रूढ झाले.

संजीवनी का जिंकली, हे समजण्यासारखे आहे. चाळीस मिनिटांत सामना संपतो, गडी बाहेर ताटकळत नाहीत, प्रेक्षकही कंटाळत नाहीत. पण गामिनीच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते. तिच्यात शेवटचा गडी एकटा उरला, तरी त्याला परत उठविणारा कोणी नसे. सातांचा भार एकाने वाहायचा! ही कसोटी संजीवनीत सौम्य झाली. म्हणजे नव्या आवृत्तीने काही मिळविले, तसे काही गमावलेही. ज्याने तो रस चाखला, त्याने तक्रार केली तर तिला हेकेखोरी म्हणता येत नाही.

आपल्या खोऱ्यांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसांनी हा खेळ बरोबर नेला. लालबाग-परळच्या मैदानांवर पाळी सुटल्यानंतर तो रंगे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि पुढे गिरण्यांबरोबर तो कामगार समाजही विखुरला. योगायोग असा, की त्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी प्रदर्शनीय खेळ म्हणून आली आणि 1990 साली बीजिंगला तिला पदकाचा मान मिळाला. खेळ वर चढत होता आणि त्याला वाढविणारे खाली घसरत होते.

मग माती गेली, मॅट आली, पायांत बूट आले. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली. चढाईला तीस सेकंद, दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरी ‘करो या मरो’ची, तीन किंवा कमी गड्यांनी पकड केली तर जादा गुण. पहिल्या वर्षी लिलावातील सर्वांत मोठी बोली 12 लाख 80 हजारांची होती. 2023 साली पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाख 50 हजारांची बोली लागली. शेतकऱ्याच्या पोराला त्याच्या अंगमेहनतीचे मोल मिळाले, याचा मला आनंद आहे. पण ज्या गावात मॅट नाही आणि बुटांना पैसे नाहीत, तिथला पोरगा निवड चाचणीत पहिल्याच वळणावर घसरतो. त्याच्या दृष्टीने हा नियमातला बदल नसून दारातली कडी आहे.

मी कामगारांत वावरणारा माणूस, म्हणून आमच्या क्षेत्रातला दाखला देतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1956 साली कलम 9-अ घालण्यात आले. कामाच्या ठरावीक अटी बदलायच्या तर मालकाने आधी सूचना द्यावी आणि एकवीस दिवस थांबावे, असे ते कलम होते. त्यात बदलाला बंदी नव्हती. ज्याच्या अंगावर बदल येणार, त्याला आधी कळले पाहिजे आणि बोलायला अवधी मिळाला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. यंत्र बदलले म्हणून कामगार चिडत नाही. न विचारता बदलले म्हणून चिडतो. खेळाच्या चाहत्याचेही तेच. खेळाची मालकी कागदावर कंपनीची किंवा महासंघाची असेल, पण त्यात आयुष्याचे तास त्याने ओतलेले असतात.

मात्र चाहत्यांनीही एक गोष्ट ध्यानात धरावी. 2018 च्या आशियाई स्पर्धांत इराणने भारताच्या पुरुषांना उपांत्य सामन्यात आणि महिलांना अंतिम सामन्यात हरविले. लेखी आणि समान नियम नसते, तर इराणी खेळाडू या खेळात आलेच नसते. आपण म्हणू तोच अस्सल हुतूतू, असा हट्ट धरला असता, तर तो गावच्या वेशीबाहेर पडला नसता. नव्यांना दार उघडायचे, तर जुन्यांना थोडी जागा सोडावी लागते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. जत्रेतल्या स्पर्धा संजीवनीच्या नियमांनी खुशाल भरवाव्यात. त्यांच्या आदल्या संध्याकाळी एक सामना गामिनीचा घ्यावा, मातीवर आणि अनवाणी. तिचे नियम ज्यांच्या तोंडी आहेत, अशी वडीलधारी माणसे ज्या गावात असतील, तिथे त्यांच्याकडून ते आजच लिहून घ्यावेत आणि पंच म्हणून त्यांनाच बसवावे. मोबाइलवर भांडणाऱ्या पोरांनाही तिथे बोलवावे. कोणता खेळ सरस, हे त्यांनी दोन्ही खेळून मग सांगावे.