मृगापासून हस्तापर्यंत: बारामती-इंदापुरातील मुलांचा पाऊस आणि सुट्टी

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे बारामती आणि इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. घाटमाथ्यावर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. इथे वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. त्यातही जून-जुलै अनेकदा कोरडे जातात आणि खरा भरवसा सप्टेंबरचा असतो. शाळा मात्र राज्यातल्या बहुतेक भागांप्रमाणे जूनच्या मध्याला भरते. शाळेचे वेळापत्रक आणि पावसाचे वेळापत्रक यांच्यात असे अंतर असल्याने या भागातील मुलांच्या खेळांत, सणांत आणि सुट्टीच्या बेतांत पावसाची वाट पाहणे पिढ्यान्‌पिढ्या मुरले आहे.

ही वाट मे महिन्याच्या सुट्टीतच सुरू होते. घरात नवे पंचांग असते आणि त्यात मृगापासून पुढच्या प्रत्येक पर्जन्य-नक्षत्राचे वाहन दिलेले असते. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागते. नक्षत्रांच्या मोजणीला नऊने भागून उरलेल्या बाकीवरून वाहन ठरवतात. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर भरपूर पाऊस. मोर, गाढव, उंदीर आले तर मध्यम. कोल्हा किंवा मेंढा आला तर ओढ. आणि घोडा आला तर पाऊस डोंगरावर, असा संकेत आहे. मोठ्यांना यातून पेरणीचा अंदाज हवा असतो, मुलांना मात्र प्राण्यांची ही मिरवणूकच आवडते. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, उन्हात सर आली की कोल्ह्याचे लग्न, ही सारी नावे पोरांच्या तोंडी सहज बसतात. त्यांच्या लेखी पावसाला वय आहे, स्वभाव आहे आणि लहरही आहे.

पाऊस लांबला की या खेळाला आर्जवाचे रूप येई. दुष्काळी गावांत धोंडी काढण्याची प्रथा होती. एका मुलाच्या अंगाभोवती कडुलिंबाचा पाला बांधत, डोक्यावर पाट देत आणि पाटावर गावच्या रीतीप्रमाणे मातीची पिंड किंवा बेडूक ठेवत. पोरांचा घोळका पाण्याचे मागणे गात दारोदार फिरे. घरची बाई धोंडीवर तांब्याभर पाणी ओते आणि सुपातून ज्वारी किंवा पीठ घाली. जमलेल्या शिध्याचे मिळून जेवण होई. विहिरी आटलेल्या असताना हे तांब्याभर पाणी देणे सोपे नव्हते. तरीही दारातून धोंडीला कोरडे परत पाठवत नसत.

हेच मागणे पुढे विज्ञानाने निराळ्या वाटेने केले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने १९७३ ते १९८६ या काळातील अकरा पावसाळ्यांत बारामती परिसरावर विमानातून ढगांमध्ये मिठाची पूड पेरली. मिठाचे कण बाष्प शोषून मोठे थेंब तयार करतात आणि ते इतर थेंबांना सामावून घेत खाली येतात, हे त्यामागचे तत्त्व. पेरलेल्या क्षेत्रात पाऊस सुमारे २४ टक्के वाढल्याचा निष्कर्ष संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडला.

पाण्याची दुसरी सोय जमिनीवरून आली. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा काढण्यात आला आणि भाटघर धरणाचे पाणी बारामती-इंदापूरच्या शेतांपर्यंत पोहोचले. उन्हाळी सुट्टीचे रूपही त्याने पालटले. कालव्याला पाण्याचे आवर्तन सुटले की पोरे पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून पाण्यात पोहायला शिकत. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने इंदापूरच्या कडेला विस्तीर्ण जलाशय दिला. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात तो भिगवण आणि कुंभारगाव परिसर ही आता शाळांच्या सहलींची ओळखीची जागा आहे.

आषाढात तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी मुक्काम करत जाते. काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. शाळा नुकतीच सुरू झालेली असते, आभाळ भरून आलेले असते, आणि गावात पालखी येण्याचा दिवस मुलांना सणासारखा वाटतो.

पावसाचा खरा सण मात्र हस्त नक्षत्रात, सप्टेंबरच्या अखेरीस येतो. हस्ताचा पाऊस म्हणजे हत्तीचा पाऊस. या दिवसांत मुली पाटावर हत्तीचे चित्र काढून किंवा मांडून त्याभोवती फेर धरतात; हाच हादगा किंवा भोंडला. पूर्वी तो सोळा दिवस चाले. आता बहुतेक ठिकाणी शाळेत एक दिवस होतो. गाणी संपली की झाकलेला डबा हलवून आवाजावरून खिरापत ओळखायची, हा त्यातला सर्वांत रंगणारा भाग. हादगा इथे इतका रुजला, यामागे शेतीचेही कारण आहे: जिरायत भागातील रब्बी ज्वारीची पेरणी याच पावसाच्या ओलीवर अवलंबून असते.

पुढे दिवाळीची सुट्टी लागते. परतीच्या पावसाने भिजलेली माती हाताला लागते, आणि अंगणोअंगणी दगडमातीचे किल्ले उभे राहतात. त्यांच्या उतारावर पेरलेले अळीव काही दिवसांत हिरवे होते. रानात शाळू उगवत असतानाच अंगणातही एक लहान पेरणी झालेली असते.

अलीकडे हा क्रम ढळू लागला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये परतीच्या पावसाने इंदापूर तालुक्यात पूर आला. मे २०२५ मध्ये तर मृगाच्या आधीच, ऐन सुट्टीत, बारामती परिसरात मुसळधार पाऊस झाला आणि नीरा डावा कालवा फुटला. पावसाची वाट पाहण्याच्या रीती असलेल्या या मुलखातील मुलांना आता अवेळी येणाऱ्या पावसापासून जपण्याचे शिक्षणही घ्यावे लागणार आहे. त्यासाठी पर्जन्यमापकाची रोजची नोंद शाळेच्या अंगणात होणे जितके गरजेचे, तितकेच हादगा आणि नक्षत्रांची वाहने टिकणेही. कारण आभाळाकडे रोज लक्ष द्यायची सवय इथल्या मुलांना याच खेळांनी लावली.