अंगण, कुरण आणि चावडी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर, पैनगंगेच्या अलीकडे, झरी जामणी हा तालुका आहे. नदीपलीकडे तेलंगणातील आदिलाबादचा मुलूख लागतो. कापसाची शेते, साग आणि त्यांच्या आधाराने वसलेले कोलामांचे पोड हे या भागाचे रूप. महाराष्ट्रातील कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन जमातींना शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी समूह मानले आहे. कोलामी ही द्राविडी कुळातील बोली; तिला स्वतःची लिपी नाही. पोडात चावडी असते. पाहुणा तिथे उतरतो, पंच तिथे बसतात. शाळेत जाण्याआधी कोलाम मूल जे काही शिकते, ते घरात, रानात आणि या चावडीच्या आसपास.

‘भविष्यवेधी शाळा’ हा शब्द अलीकडे आपल्या कानांवर वारंवार पडतो. संगणक, पडदे, रंगविलेल्या भिंती, हलविता येणारी बाके असे तिचे चित्र रंगविले जाते. ही शाळा झरी जामणीच्या पोडात उभी करायची झाल्यास आरंभ कोठून करावा? याचे उत्तर शोधण्यासाठी आम्हांला मागे वळून पाहावेसे वाटते. कारण ज्यांनी शाळेच्या जागेचा खरा विचार केला, ती माणसे आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली.

या विचाराचा एक धागा रोमपर्यंत जातो. ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत मारिया माँटेसरी या कॅथॉलिक विदुषीने आपले पहिले बालगृह उघडले. मुलाच्या उंचीचे टेबल, त्याला उचलता येईल अशी खुर्ची आणि त्याचा हात पोहोचेल असे कपाट तिने करून घेतले. आज हे सहज वाटते. त्या काळी मात्र मुलाने बाकाच्या मापाचे व्हावे, अशी रीत होती.

दुसरा धागा झरीहून फार दूर नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमचा आराखडा पुढे आला. सेवाग्रामला हे काम वाहिले ते आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम् या दांपत्याने. आर्यनायकम् मूळचे सिलोनचे ख्रिस्ती होते, हे आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे. तेथे शेत, चरखा, स्वयंपाकघर आणि सफाई हेच वर्ग झाले.

हे दोन्ही धागे ताराबाई मोडक यांच्या हाती एकत्र आले. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, खडे, बिया आणि पाने हीच साधने ठरली. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा जन्मला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम करताना त्यांना दुसरी अडचण भेटली. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, म्हणून शाळेत येत नाही. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणून ‘विकासवाडी’ आकारास आली. मुलगा गुरे राखतो, म्हणून येत नाही. तेव्हा शिक्षकच त्याच्यामागे कुरणात गेले आणि ‘कुरणशाळा’ भरली. मूल का येत नाही, या प्रश्नाच्या प्रत्येक उत्तरातून शाळेची एकेक जागा तयार झाली.

भविष्यवेधी शाळेची हीच कसोटी आम्हांला खरी वाटते. साधनांना आमचा विरोध नाही. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळविणारे सोलापूर जिल्ह्यातील रणजितसिंह डिसले यांच्या क्यूआर कोडचा गाजावाजा झाला. परंतु घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांपर्यंत पाठ त्यांच्या भाषेत नेणे, हाही त्या कामाचा गाभा होता. मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचे ३५०-क हे कलम १९५६ पासून सांगत आहे. कोलामी मुलाला मात्र पहिल्या दिवशी परक्या भाषेचे पुस्तक उघडावे लागते.

वसईच्या सामवेदी ख्रिस्ती घरांतून आलेल्या आम्हांला हे नवे नाही. घरी कादोडी आणि वर्गात पुस्तकी मराठी, हा उंबरठा आमच्या पिढीने ओलांडला. आम्ही शिकलो खरे. पण घरची बोली शाळेच्या दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवायची असते, हेही नकळत शिकलो. तिची आठवण आम्हांला झाली तेव्हा आमची नातवंडे इंग्रजीतून बोलू लागली होती. आमच्यापाशी छापखाने होते, मंडळे होती. कोलामांपाशी यांतले काय आहे?

आणि आता पोडातील शाळेवरच प्रश्नचिन्ह आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव राज्य शासनाने मागविले. एकत्र आलेल्या शाळेत ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि पुरेसे शिक्षक मिळतील, हा युक्तिवाद पोकळ नाही. तथापि लहान वस्तीची शाळा लहानच असणार. ती दूर नेली, तर पहिल्यांदा गळेल ती भावंड सांभाळणारी मुलगी. अनुताईंनी विकासवाडी उभारली ती तिच्यासाठीच.

यवतमाळ जिल्हा आपल्या अमरावती धर्मप्रांतात येतो. आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत, असे द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजीच्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात म्हटले. कोलाम आईवडिलांनाही ते लागू आहे. आपल्या शाळांच्या महोत्सवांतून नव्या इमारतींसाठी निधी जमतो, तसा एखादा वाटा कोलामी बोलणारी शिक्षिका घडविण्यासाठी काढता येईल. तिचा वर्ग चावडीच्या सावलीत भरला तरी चालेल; इमारतीचा नकाशा नंतर काढता येतो.